ठकठक झाली की गप्प बसायचं

११ सप्टेंबर

मिळालं बाई एकदाचं घर! मार्चमध्ये या परक्या देशात आलो, तेव्हापासून कंपनीने दिलेल्या त्या एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो. सकाळी गाद्या गुंडाळल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि पाय पसरला की कुणाच्या तरी पोटात जायचा. आता तीन खोल्या आहेत, स्वयंपाकघर वेगळं आहे आणि खिडकीतून चक्क एक झाड दिसतं. घरमालकाच्या एजंटाने चाव्या देताना नवऱ्याला पुन्हा पुन्हा बजावलं, "शांत इमारत आहे. शेजाऱ्यांनी तक्रार केली की मालक करार मोडतात. आधीच्या भाडेकरूंना तसंच जावं लागलं." नवरा नंदीबैलासारखी मान डोलावत होता. मी मनात म्हटलं, आमचं घराणं आणि शांत! झालं कल्याण.

सासूबाईंना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन घेऊन दिलंय, पण ते लावलं की डोक्यात भुंगे शिरतात म्हणे, म्हणून ते कपाटात असतं. त्यामुळे आमच्या घरात "पाणी दे" हे वाक्यसुद्धा भाषण केल्यासारखं म्हणावं लागतं. नवरा लिफ्ट बसवण्याच्या कामात, त्याचा जन्म यंत्रांच्या घरघरीवर ओरडण्यात गेला. माझं तर विचारूच नका, इतकी वर्षं बालवाडी चालवली. एक हाक मारली की मैदानाच्या टोकाची पोरं जागच्या जागी उभी राहायची. आणि आमची लेक भिंगरी, वय अकरा. तिचं खरं नाव शाळेच्या रजिस्टरातच बरं. ती चालत नाही, उड्या मारते.

जिन्यात मात्र मी हबकलेच. एवढी माणसं राहतात आणि एक भांडं पडल्याचा आवाज नाही! लोक सावल्यांसारखे वरखाली जातात. मी वरच्या मजल्यावरच्या बाईंना नमस्कार केला तर त्या दचकून भिंतीला चिकटल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

व्हायचं तेच झालं.

सकाळी कुकर लावला होता. सासूबाई आतून म्हणाल्या, "माझा चष्मा कुठंय?" मी ओट्यापासून ओरडले, "उशीखाली!" त्या म्हणाल्या, "कुणाखाली?" मी पुन्हा ओरडले. नवरा न्हाणीघरातून ओरडला, "अगं उशी म्हणतेय ती, उशी!" तेवढ्यात कुकरने दणदणीत शिट्टी दिली आणि दारावरची बेल वाजली.

दारात शेजारची म्हातारी. उंच, काटकुळी, पांढरे केस नीट विंचरलेले, हातात काठी. तिने मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी बघतच राहिले. असं बोट मी आजवर दुसऱ्यांच्या पोरांना दाखवत आले, आणि इथे माझ्याच उंबऱ्यावर मला कुणी दाखवतंय!

इथली भाषा आमच्यात एकट्या भिंगरीलाच फडाफडा येते, शाळेमुळे. तिला पुढे केलं. "आई, ती विचारतेय, घरात मारामारी चाललीय का? पोलिसांना बोलवू का?"

मारामारी! चष्मा शोधत होतो गं बाई! आणि शिट्टी ऐकून तिला वाटलं काहीतरी फुटणार. भिंगरीने तिला कुकर समजावला. मग म्हातारी बराच वेळ शांतपणे बोलली. भिंगरी म्हणाली, "ती म्हणते, तिचे पाय दुखतात, दर वेळी दारात यायला जमणार नाही. आवाज फार झाला की ती भिंतीवर ठोकेल. ठोकलं की आपण गप्प व्हायचं. मग ती कुणाकडे तक्रार करणार नाही." आणि तिने काठीने चौकटीवर ठोकून दाखवलं. ठक, ठक, ठक.

मी मान डोलावली. आता नंदीबैल व्हायची पाळी माझी. मागून सासूबाई, "कोण आलंय गं? चहा विचार की!" म्हातारीने डोळे मिटून घेतले आणि निघून गेली.

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "हे घर गेलं तर पुन्हा त्या एका खोलीत जायचं. आणि आता कंपनी तीही देणार नाही." मला काय हौस आहे जायची? पण स्वतःच्या घरात कुजबुजायचं म्हणजे काय, हे मला अजून पटत नाही.

२० सप्टेंबर

घराचे नवे नियम. कुकर बंद, डाळ पातेल्यात शिजवायची. मिक्सर दुपारीच, तोही टॉवेलात गुंडाळून. भिंगरीने दोरीच्या उड्या खाली बागेत मारायच्या. सासूबाईंशी बोलायचं ते पाटीवर लिहून.

पाटीची गंमत अशी की आम्ही चोरासारखं गुपचूप लिहितो आणि त्या खणखणीत आवाजात उत्तर देतात. काल मी लिहिलं, "आई, हळू बोला." त्यांनी चष्मा लावला, अक्षर न् अक्षर वाचलं आणि घर दणाणून सोडलं, "मी कुठे मोठ्याने बोलते?" लगेच भिंतीवर ठकठक. आम्ही तिघं जागीच पुतळे.

मी तिचं नाव ठकठकबाई ठेवलंय. नवरा म्हणतो, असं बोलू नये. ती मात्र आम्हाला काठीने हाकणार!

एक कबूल करते, नियम पक्का पाळते ती. ठोकलं, आम्ही गप्प झालो की तीही गप्प. तक्रार नाही की काही नाही. एजंटाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, गेलं घर, पण तो फक्त नळाबद्दल विचारत होता.

२७ सप्टेंबर, शनिवार

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांच्या घरी जेवायला गेलो. तिथल्या वहिनी इथे किती वर्षं आहेत ते त्यांनाच ठाऊक, पण जणू देश त्यांनीच वसवला अशा थाटात बोलतात. मी म्हटलं, शेजारच्या म्हातारीकडे काहीतरी गोडधोड घेऊन जावं म्हणतेय, म्हणजे जरा गोडी होईल. वहिनींनी हातातला चमचाच खाली ठेवला. "भलतंच काय! इथे न सांगता कुणाच्या दारात जायचं नाही. कुणी हाक मारल्याशिवाय आपण नाक खुपसायचं नाही. आमच्या ओळखीच्या एकीने बेल वाजवली तर समोरच्या माणसाने सरळ तक्रार केली."

बेल वाजवली म्हणून तक्रार!  आमच्याकडे तर दार लोटलेलं दिसलं तरी शेजारीण विचारायला यायची, बरं वाटत नाहीये का म्हणून. येताना गाडीत नवरा म्हणाला, "ऐकलंस ना? आता आगाऊपणा करू नकोस." घरी गेल्यावर भांडले असते, पण कुजबुजत भांडता येत नाही मला.

४ ऑक्टोबर

आज एक नवल बघितलं. खिडकीतून खाली बघते तर बागेतल्या बाकावर आमच्या सासूबाई आणि ठकठकबाई शेजारी शेजारी. सासूबाई हातवारे करून काहीतरी सांगताहेत, बहुतेक गुडघ्यांची कहाणी, कारण मधूनच गुडघ्यावर थाप मारत होत्या. ती बाई आपला गुडघा दाखवत होती. एकीला ऐकू येत नाही आणि दुसरीला भाषा कळत नाही, तरी दोघींच्या माना डोलताहेत!

वर आल्यावर मी पाटीवर लिहिलं, "काय म्हणत होती?" सासूबाई म्हणाल्या, "एकटी आहे गं बिचारी." मी लिहिलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाल्या, "त्यात काय कळायचंय?"

बिचारी म्हणे. रात्रंदिवस माझ्या घराला कान लावून बसलेली असते, ती बिचारी आणि मी कोण?

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळपासून डोकं फिरलंय माझं.

चूक आमची होती, मान्य. उठायला उशीर झाला, डबे करायचे होते, म्हणून मी कुकर लावला. म्हटलं, एका शिट्टीने काय होतंय. शिट्टी झाली आणि दोन मिनिटांत पलीकडे धाडकन काहीतरी आपटलं. काहीतरी फेकलं असणार तिने रागाने. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे तिचं न्हाणीघर आहे. आपटलं तेही भिंतीलाच. बरण्या हादरल्या माझ्या.

मग ठकठक सुरू. आम्ही गॅस बंद केला, हलायचं थांबलो. ठकठक थांबली. भिंगरी बूट घालून दबक्या पावलांनी शाळेत गेली, नवरा गेला. मी भांडी धुवायला घेतली तर पुन्हा ठकठक. भांडी तशीच ठेवली. आणि नुसतं ठोकून भागलं नाही बाईंचं, आतून ओरडतही होती. भिंतीतून नीट कळत नव्हतं, पण सूर रागाचाच. शिव्या घालत असणार. मला तिची भाषा येत नाही हेच बरं.

दुपारी जिन्यात गेले तर तिच्या दाराला सामानाची पिशवी अडकवलेली, दुकानवाला ठेवून गेलेला. मी तिकडे बघितलंही नाही.

एका शिट्टीची एवढी शिक्षा? मी चार वर्षांच्या पोरालासुद्धा इतका वेळ कोपऱ्यात उभं केलं नाही कधी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मी थक्क झाले. कमाल आहे या बाईची!

आज आमच्या घरात काहीही वाजलं नाही. काहीही. पंखासुद्धा नाही. नवऱ्याने कपाटाच्या दाराला फडकं लावलं, मी चमच्याऐवजी हाताने ढवळायचंच काय ते बाकी ठेवलं. तरी ठकठक. थोडं थांबते, पुन्हा ठकठक. सकाळी, दुपारी, भिंगरी शाळेतून आल्यावर. आता आम्ही श्वासही घ्यायचा नाही का?

भिंगरी आली ती उड्या मारतच. शाळेच्या गाण्यात तिला एकटीला दोन ओळी म्हणायला मिळाल्यात. "आई, म्हणून दाखवू?" तिने तोंड उघडलं आणि भिंत वाजली. मी ओठांवर बोट ठेवलं. पोरीने गाणं नुसते ओठ हलवून म्हणून दाखवलं. मी हसत हसत मान डोलावली आणि आत जाऊन पदराने डोळे पुसले. संताप संताप झाला. कसली माणसं ही? लहान पोरीचं गाणंही सहन होऊ नये?

सासूबाईंचं एक वेगळंच. त्या जेवताना भिंतीला पाठ लावून बसतात. आज एकदम ताठ झाल्या आणि तळहात भिंतीला लावून म्हणाल्या, "अगं, भिंत हलतेय. कुणीतरी बोलावतंय." एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सासूच्या तोंडावर हात! त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी पाटीवर लिहिलं, "बोलावत नाही, ओरडतेय. आपल्यालाच." त्यांनी वाचलं, पाटी बाजूला ठेवली आणि पुन्हा भिंतीला हात लावला.

नवरा म्हणाला, "ती पिशवी अजून दारालाच आहे तिच्या." मी म्हटलं, "आपलं तोंड बघायला नको म्हणून बाहेर येत नसेल. बसू दे रुसून."

११ ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो!

सकाळी थोडं ठोकलं तिने, पण त्यात दम नव्हता. आधी तीनदा तीनदा ठोकायची, आज एखादंच ठक, मग बराच वेळ काही नाही. दुपारनंतर तर जवळजवळ बंदच. ओरडणंही नाही. शेवटी म्हातारी नरमली. एवढी शांतता पाळली आम्ही, दगडालाही लाज वाटली असती.

नवरा खूश. म्हणाला, "बघ, समजूतदारपणाने घेतलं की माणसं निवळतात." मी साखर घालून शिरा केला. चौघांनी अवाक्षर न काढता खाल्ला. सासूबाईंनी पाटी मागून घेतली आणि आज पहिल्यांदाच त्यांनी लिहिलं, "बाकावर आली नाही ती. कालपण नाही." मी खाली लिहिलं, "पाय दुखत असतील." त्यांनी ते वाचून माझ्याकडे बघितलं आणि शिऱ्याची वाटी अर्धी सोडून उठल्या. रुसल्या असतील, तोंडावर हात ठेवला म्हणून. माफी मागायला हवी.

१२ ऑक्टोबर, रविवार

 हे लिहिलं नाही तर वेड लागेल.

नवरा आणि भिंगरी वहिनींकडे गेले होते. सासूबाई पडल्या होत्या. मी स्वयंपाकघरात नुसती बसले होते. काही करत नव्हते. हातात कामही नव्हतं. आणि ठक.

एकच. हलकंसं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, आता बास. मी खुर्चीतून हललेली नाही, माझ्या घरात सुई पडलेली नाही, आणि ही बया अजून मला गप्प करतेय? आज सोक्षमोक्षच लावते. करार मोडायचा तर मोडा, पोलीस आणायचे तर आणा. तशीच उठले आणि तिच्या दारावर जाऊन बेल दाबून धरली. भांडायलाच गेले होते मी. हे खरं आहे, हे मी लिहून ठेवतेय. भांडायला गेले होते.

दार उघडेना. मी दार बडवलं. पिशवी दारालाच, तिच्यातून आंबूस वास येत होता. दाराला टपालासाठी झडप आहे, ती वर करून मी आत बघितलं. आत दिवा चालू होता, भर दुपारी. बोळात काठी आडवी पडलेली. न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि त्या दारातून एक पाय बाहेर आला होता. अनवाणी. निळसर.

आणि मी झडप धरून वाकलेली असताना आतून पुन्हा ठक.

तिची काठी तर बोळात पडलेली. मग ठोकतंय कोण, कशाने, हे माझ्या डोक्यात शिरेचना. मग शिरलं. एकदम सगळंच शिरलं. गुरुवारचं धाडकन. ओरडणं. सगळं. मी तिथेच जमिनीवर बसले.

मग मी ओरडले. बालवाडीत ओरडायचे त्याच्या दसपट. "अहो, या कुणीतरी! बाई पडलीय इथे! या!" मराठीतच. दुसरं काही तोंडात आलंच नाही. सावल्यांसारखी राहणारी ती सगळी माणसं दारं उघडून धावत आली, कुणी पायात चप्पलही घातली नव्हती. इमारतीची देखभाल करणारा माणूस चावी घेऊन आला.

जिवंत होती. टबाच्या आणि भिंतीच्या मधे अडकलेली, कंबर मोडलेली. ओठ फाटलेले. हाताशी ओला टॉवेल होता, तोच चोखत राहिली असणार. दुसऱ्या हातात पाठ घासायचा लाकडी ब्रश. तो रुग्णवाहिकेतून आलेल्या नर्सने सोडवायचा प्रयत्न केला तर सुटेना, बोटं आवळली होती. भिंतीच्या फरशीवर जिथे ठोकत होती तिथे टवके उडालेले. माझ्या बरण्या जिथे आहेत, बरोबर त्याच्या मागे.

तिला स्ट्रेचरवरून नेताना मी भिंतीला चिकटून उभी होते. कुणीतरी माझ्या पाठीवर थोपटलं.

१३ ऑक्टोबर

आज दिवसभर कौतुक.

वरच्या बाई, मला बघून दचकणाऱ्या, फुलं घेऊन आल्या. एजंटाचा फोन आला, मालकांनी आभार मानलेत, तुमच्यासारखे भाडेकरू मिळायला नशीब लागतं म्हणाले. वहिनींनी तर सगळीकडे फोन लावले. "आपल्या माणसाने जीव वाचवला बरं का! इथल्या लोकांना कुठे असतं असं लक्ष?" त्यांनीच मला नाक खुपसू नकोस म्हणून सांगितलं होतं, हे त्यांच्या लक्षातही नाही. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले. 

नवऱ्याला म्हटलं, "आपण ऐकत होतो रे. शिरा खात होतो आपण." तो म्हणाला, "आपल्याला काय माहीत? तिनेच सांगितलं होतं ना, ठोकलं की गप्प म्हणून. आणि हे बघ, कुणाला काही बोलू नकोस. शेवटी तूच वाचवलंस ना तिला? मग झालं तर." असं म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. 

मी भांडी जोरात आपटून घासली. किती आपटली तरी भिंत गप्प. आता ती गप्प आहे आणि मला बसवत नाही.

१५ ऑक्टोबर

सासूबाईंना पाटीवर सगळं लिहून सांगितलं. तीनदा पुसून पुसून लिहावं लागलं. शेवटी लिहिलं, "आई, मी तुमच्या तोंडावर हात ठेवला."

त्यांनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं. पण या वेळी त्या खरंच हळू बोलल्या. "मला ऐकू येत नाही गं. तुम्हाला तर येत होतं."

एवढंच. मग देवापुढे जाऊन बसल्या. मला कुणी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

दवाखान्यात जाऊन आलो. तिच्या भाचीचा निरोप आला होता, बाईंना तुम्हाला भेटायचंय म्हणून. मी नको म्हणत होते. नवरा म्हणाला, नाही गेलो तर कसं दिसेल. भिंगरीला घेतलं, बोलायला.

खोलीत दोन खाटा, एक रिकामी. तिचं तोंड एवढंसं झालंय. मला बघितल्यावर तिने हात पुढे केला. मी धरला. कागदासारखा हात, पण तिने माझी बोटं घट्ट आवळली. मग ती सावकाश बोलायला लागली आणि भिंगरी सांगायला लागली.

"ती म्हणते, ती न्हाणीघरात घसरली. आधी खूप ओरडली, पण आवाज बसला. मग भिंतीवर ठोकलं. ठोकलं आणि आपल्या घरातला आवाज एकदम थांबला. तिला वाटलं, ऐकलं यांनी. आता येतील."

भिंगरी थांबली. मी म्हटलं, "पुढे."

"कुणी आलं नाही. मग तिने परत ठोकलं. परत आपलं घर गप्प झालं. ती म्हणते... ती म्हणते, दर वेळी मी ठोकलं की तुम्ही सगळं थांबवून ऐकत होतात. मला कळत होतं तुम्ही ऐकताय ते. म्हणून मी ठोकत राहिले. पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटलं नसतं तर मी केव्हाच सोडून दिलं असतं." भिंगरी माझ्याकडे वळली. "आई, ती थँक्यू म्हणतेय."

 नवरा कानाशी पुटपुटला, "हस आणि उठ. चल." भाची दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. म्हातारी माझ्याकडे बघत होती, इतक्या मायेने बघत होती की मला ते सहनच होईना.

मी भिंगरीला म्हटलं, "सांग तिला. आम्ही ऐकत नव्हतो. आम्हाला वाटलं तुम्ही आमच्यावर रागावलात. म्हणून गप्प बसलो."

"आई, नको ना."

"अगं, काय हे!" नवरा म्हणाला.

"सांग भिंगरी."

पोरीने सांगितलं. खाली मान घालून, हलक्या आवाजात, अगदी थोडक्या शब्दांत. म्हातारी आधी तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिला वाटलं असावं की पोरीचं काहीतरी चुकतंय. तिने एकच प्रश्न विचारला.

"ती विचारते, रोज?"

हे सांगायला मला भाषा लागली नाही. मी मान डोलावली.

तिने माझ्या हातातून हात काढून घेतला. झटकला नाही, हळूच काढला आणि पांघरुणाखाली घेतला.  दाराशी भाची विचारत होती काय झालं म्हणून.

भिंगरीने माझी बाही ओढली. "आई, आता काय सांगू तिला?"

 घरी आले, हे सगळं लिहून झालं, तरी सुचलेलं नाही.